लिंक तुटली, तर मूळ स्टोरेजने काय करायचे?

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातले, म्हणजे एनएसईतले, व्यवहार थांबले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला, बाजार बंद होण्याची रोजची वेळ उलटून गेल्यावर. त्या दिवशीचे सत्र संध्याकाळी पाचपर्यंत लांबवावे लागले. आग लागली नव्हती, पूर आला नव्हता. एक्सचेंजने नंतर केलेल्या खुलाशानुसार मुख्य डेटा सेंटर आणि जवळची पर्यायी साइट यांना जोडणाऱ्या टेलिकॉम लिंक अस्थिर झाल्या होत्या. त्या एका नव्हे, दोन कंपन्यांच्या होत्या. कारण होते रस्त्यावरचे खोदकाम. लिंक गेल्या तरी मुख्य साइटवरचे स्टोरेज चालू राहावे, अशीच मूळ अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते सर्व्हरना दिसेनासे झाले आणि जोखीम-नियंत्रणाची प्रणाली त्याच्याबरोबर बंद पडली. जोखीम मोजता येत नाही म्हटल्यावर व्यवहार चालू ठेवणे शक्यच नव्हते.

दुसरी प्रत संकटात कामी यावी म्हणून ठेवायची आणि तिच्याकडे जाणारी वाट बंद पडली म्हणून मूळ प्रतच अडून बसायची, हा प्रकार स्टोरेजच्या जगात वाटतो तितका दुर्मीळ नाही. दूरच्या स्टोरेज ॲरेवर डेटा पाठवण्याची (रेप्लिकेशनची) पद्धत निवडताना बहुतेक बैठका वेग, किंमत आणि कंपनीचे नाव यांवर खर्च होतात. त्याऐवजी बैठकीची सुरुवात एका प्रश्नाने करावी. लिंक तुटली, तर मूळ ॲरेने लिहिणे चालू ठेवायचे की थांबवायचे? या प्रश्नाचे उत्तर आयटी विभागाने एकट्याने देऊ नये. ते धंद्याच्या मालकाने, बँकेत महाव्यवस्थापकाने, रुग्णालयात वैद्यकीय प्रमुखाने द्यायचे आणि कागदावर द्यायचे. त्यानंतरच्या तांत्रिक निवडींपैकी बऱ्याचशा त्या उत्तरातून आपोआप निघतात.

मूळ फरक सगळ्यांना ठाऊक असतो. सिंक्रोनस पद्धतीत सर्व्हरने लिहिलेला डेटा दोन्ही ॲरेंवर पोहोचेपर्यंत सर्व्हरला ‘झाले’ असे कळवले जात नाही. असिंक्रोनस पद्धतीत मूळ ॲरे लगेच ‘झाले’ म्हणतो आणि डेटा मागाहून पाठवतो. पहिल्या पद्धतीत डेटा हरवत नाही, दुसरीत थोडा हरवू शकतो, असे कोणतेही माहितीपत्रक सांगते. पहिला दावा मात्र अर्धाच खरा आहे. बहुतेक ॲरे सिंक्रोनस जोडीत असूनही लिंक गेली की जोडी तात्पुरती मोडतात आणि मूळ बाजूला लिहिणे चालू ठेवतात. त्या क्षणापासून दूरची प्रत शिळी होऊ लागते. लिंक गेल्यानंतर दहा मिनिटांनी मूळ साइटचीच वीज गेली, तर त्या दहा मिनिटांचा डेटा सिंक्रोनस रेप्लिकेशन असूनही हरवतो. पूर किंवा आग एका क्षणात सगळे संपवत नाही. आधी लिंक जाते, मग वीज, मग सर्व्हर. म्हणून ही शक्यता कागदी नाही.

हिताचीच्या ट्रूकॉपीत हा निर्णय उघडपणे घ्यावा लागतो. तिथे ‘फेन्स लेव्हल’ नावाची सेटिंग असते. ‘डेटा’ निवडले, तर दूरची प्रत अद्ययावत होत नसताना मूळ व्हॉल्यूम लिहिणे नाकारतो. ‘नेव्हर’ निवडले, तर तो लिहीत राहतो. ओरॅकल डेटा गार्डमध्ये हीच निवड ‘मॅक्सिमम प्रोटेक्शन’, ‘मॅक्सिमम अव्हेलेबिलिटी’ आणि ‘मॅक्सिमम परफॉर्मन्स’ या नावांनी येते. पहिल्या प्रकारात एकाही स्टँडबायपर्यंत रेडो, म्हणजे बदलांची नोंद, पोहोचत नसेल, तर मूळ डेटाबेस स्वतःला बंद करतो. लिनक्सवरच्या डीआरबीडीत तर अक्षरेच ठरलेली आहेत. प्रोटोकॉल ‘ए’मध्ये डेटा स्थानिक डिस्कवर आणि टीसीपीच्या पाठवणी बफरमध्ये गेला की काम झाले. ‘बी’मध्ये तो समोरच्या यंत्राच्या मेमरीपर्यंत पोहोचावा लागतो, ‘सी’मध्ये समोरच्या डिस्कवर. लाखोंचे ॲरे न परवडणाऱ्या छोट्या संस्थांनी डीआरबीडीचा विचार जरूर करावा. तो २०१० पासून लिनक्सच्या मूळ कर्नलचा भाग आहे. विक्रेत्याच्या सादरीकरणात या सेटिंगचा उल्लेख नसेल, तर आपल्या मॉडेलमध्ये तिचे नाव काय आणि कारखान्यातून येताना ती कशी ठेवलेली असते, हे लेखी विचारावे.

आता अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद, जाऊन-येऊन १०. शंभर किलोमीटरच्या फायबरवर एक फेरी १ मिलिसेकंदाची. ही निसर्गाने घातलेली मर्यादा आहे, कितीही महाग स्विच घेतला तरी ती कमी होत नाही. शिवाय फायबर चॅनेलवर एससीएसआयची लिहिण्याची आज्ञा साधारणपणे दोन फेऱ्या घेते. आधी ‘लिहू का’ असे विचारणे आणि ‘पाठव’ असे उत्तर, मग डेटा आणि ‘मिळाला’ अशी पोच. मुंबई-पुणे अंतराचे, समजा १५० किलोमीटरचे फायबर असेल, तर एका फेरीला दीड मिलिसेकंद आणि प्रत्येक राइटला तीन मिलिसेकंद जादा लागतात. फ्लॅश ॲरेवर ०.३ मिलिसेकंदात होणारे काम ३.३ मिलिसेकंदांवर जाते.

याचा फटका कुठे बसतो, ते बघण्यासारखे आहे. एकाच वेळी शेकडो स्वतंत्र राइट चालू असतील, तर एकूण काम फारसे कमी होत नाही, कारण ते समांतर वाहते. डेटाबेसचा लॉग मात्र एकामागून एक लिहिला जातो. ०.३ मिलिसेकंदाला एक या हिशेबाने सेकंदाला तीन हजारांहून जास्त लॉग राइट होत होते, ते ३.३ मिलिसेकंदांवर सुमारे तीनशेवर येतात. डेटाबेस अनेक व्यवहारांचा लॉग एकत्र लिहून हे थोडेफार सावरतो, पण बँकेचे दिवसअखेरचे काम आधी तासात संपत असेल, तर ते किती लांबेल याची चाचणी रेप्लिकेशन चालू करण्यापूर्वी झालीच पाहिजे.

दोनऐवजी एका फेरीत काम उरकण्याचे उपाय आहेत. एसएएन एक्स्टेंशनच्या स्विचांमध्ये ‘राइट ॲक्सिलरेशन’ किंवा ‘फास्ट राइट’ नावाची सोय असते, त्यात जवळचाच स्विच ‘पाठव’ असे उत्तर देऊन टाकतो. काही ॲरे ही बचत स्वतःच करतात, आणि तिथे स्विचमधली सोय चालू केल्याने काहीच मिळत नाही. आयस्कझीत परवानगी आल्याशिवाय पहिला डेटा आज्ञेबरोबरच धाडण्याची तरतूद प्रोटोकॉलमध्येच आहे, मात्र दोन्ही टोकांनी ती मान्य करावी लागते.

अंतर मोजताना नकाशा बाजूला ठेवावा. टेलिकॉम कंपन्या लिंक रिंगमध्ये देतात. एका बाजूने तंतू तुटला की वाहतूक उलट्या बाजूने वळते. साठ किलोमीटरचा सरळ मार्ग तुटून वळणाचा मार्ग तीनशे किलोमीटरचा निघाला, तर लिंक चालूच राहील, कुठलाही अलार्म वाजणार नाही, पण प्रत्येक राइट पाचपट उशिराने पूर्ण होईल आणि सकाळी कामांची रांग का लागली हे कुणाला कळणार नाही. करारात दोन्ही मार्गांची लांबी आणि दोन्हींवरची फेरीची वेळ लिहून घ्यावी. दोन कंपन्यांच्या लिंक घेताना त्यांचे डक्ट एकाच खड्ड्यातून जात नाहीत ना, हे मार्गाच्या नकाशावर बोट ठेवून तपासावे. २०२१च्या त्या बुधवारी दोन्ही कंपन्यांच्या लिंक एकाच वेळी डळमळल्या होत्या, एवढा पुरावा पुरे.

डेटा वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलची निवड या अंतरावरून ठरते. डार्क फायबर किंवा डीडब्ल्यूडीएम हाताशी असेल आणि साइट त्याच शहरात किंवा शेजारच्या शहरात असेल, तर थेट फायबर चॅनेलसारखे दुसरे काही नाही. त्याची एक अट असते. फायबर चॅनेलमध्ये पाठवणारा समोरच्या बफरमध्ये जितकी जागा ठरली असेल तितक्याच फ्रेम सोडतो. या जागेला बफर क्रेडिट म्हणतात. पूर्ण आकाराच्या फ्रेमसाठी साधा हिशेब असा की अंतराचे किलोमीटर गुणिले गिगाबिटमधला वेग, भागिले दोन. ८ गिगाबिटची लिंक १०० किलोमीटरवर न्यायची, तर सुमारे ४०० क्रेडिट हवीत. फ्रेम लहान असतील, तर आणखी. क्रेडिट कमी पडली की लिंक हिरवी दिसते, चूक एकही नोंदली जात नाही आणि वेग मात्र घसरतो. स्विचच्या त्या पोर्टवर किती क्रेडिट देता येतात आणि त्यासाठी वेगळा परवाना लागतो का, ही माहिती खरेदीच्या आधीची आहे, नंतरची नव्हे.

अंतर वाढले आणि हातात फक्त आयपीचे जाळे असेल, तर एफसीआयपी येते. यात फायबर चॅनेलच्या फ्रेम टीसीपीच्या बोगद्यातून जातात. आधीच फायबर चॅनेल असलेल्या संस्थांना हे सोयीचे पडते. धोका असा की साधा बोगदा जोडला की दोन्ही साइटचे फॅब्रिक, म्हणजे स्विचांचे जाळे, मिळून एकच फॅब्रिक तयार होते. दूरची लिंक वारंवार जा-ये करू लागली, तर त्या प्रत्येक हेलकाव्याचा धक्का दोन्हीकडच्या स्विचांना बसतो. म्हणून एफसीआयपी घ्यायचे, तर ब्रोकेडचे एफसी राउटिंग किंवा सिस्कोचे इंटर-व्हीसॅन राउटिंग वापरून दोन्ही फॅब्रिक वेगळीच ठेवावीत. त्याचा खर्च वाचवू नये.

नव्या खरेदीत मात्र ॲरेचे स्वतःचे आयपी रेप्लिकेशन हाच बहुतेकांसाठी शहाणपणाचा मार्ग आहे. नेटॲपचे स्नॅपमिरर हे त्याचे जुने, ओळखीचे उदाहरण. वेगळा गेटवे लागत नाही, इथरनेट सांभाळणारी माणसे सगळीकडे मिळतात आणि बिघाड शोधायला नेहमीची साधने चालतात. फक्त टीसीपीच्या दोन खोडी आधी समजून घ्याव्यात.

पहिली खोड खिडकीची. पोच येण्याआधी टीसीपी ठरावीकच डेटा वाटेत ठेवतो. ही खिडकी ६४ केबीची राहिली आणि फेरीची वेळ २० मिलिसेकंद असेल, तर एका जोडणीतून सेकंदाला सव्वातीन एमबीच जातात, सुमारे २६ मेगाबिट. लिंक एक गिगाबिटची घेतली तरी तेवढेच. ती भरायला अडीच एमबी सतत वाटेत असावे लागतात. आजचे ॲरे खिडकी मोठी करतात, पण मधला एखादा जुना फायरवॉल तो पर्यायच काढून टाकतो आणि महिनोन्‌महिने दोष टेलिकॉम कंपनीच्या माथी मारला जातो. दुसरी खोड हरवणाऱ्या पॅकेटची. त्याच २० मिलिसेकंदांच्या लिंकवर दहा हजारांत एक पॅकेट हरवले, तरी पारंपरिक टीसीपीची एक जोडणी सुमारे ७० मेगाबिटच्या वर जात नाही. ‘९९.९९ टक्के पॅकेट पोहोचतात’ हे वाक्य करारात छान दिसते, रेप्लिकेशनला ते पुरत नाही. यावर उपाय अनेक समांतर जोडण्यांचा. ॲरे किती जोडण्या उघडतो, हे म्हणूनच विचारायचे.

असिंक्रोनसच्या मार्गाने जाणाऱ्यांनी एकच आकडा आधी मिळवावा. तो म्हणजे गर्दीच्या तासात किती डेटा लिहिला जातो. दिवसाची सरासरी इथे फसवते. समजा, एखाद्या सहकारी बँकेत दिवसभरात ३०० जीबी लिहिले जातात. चोवीस तासांत पसरले, तर सेकंदाला साडेतीन एमबी, म्हणजे २८ मेगाबिट. १०० मेगाबिटची लिंक भरपूर वाटते. पण दिवसअखेरच्या बॅचमध्ये तासभर सेकंदाला ४० एमबी लिहिले जात असतील आणि लिंकवरून प्रत्यक्षात १० एमबीच जात असतील, तर त्या तासात १४४ जीबी तयार होतात, ३६ पोहोचतात आणि १०८ जीबी मागे तुंबतात. दूरची प्रत त्या क्षणी ४५ मिनिटे मागे असते. नंतर नेहमीचे काम सेकंदाला दोन एमबीचे असले, तरी तुंबलेले उपसायला पावणेचार तास लागतात. पंधरा मिनिटांहून जास्त काळाचा डेटा हरवणार नाही, असे वचन संचालक मंडळाला दिलेले असेल, तर ते रोज संध्याकाळी मोडते.

या १०८ जीबीला जागा कुठे आहे, हा पुढचा प्रश्न. काही ॲरे तुंबलेला डेटा डिस्कवरच्या जर्नलमध्ये ठेवतात, काही कॅशमध्ये. कॅश भरली की रेप्लिकेशन गळून पडण्याची शक्यता असते. जर्नल मोठे असेल, तर तासांची अडचण निभावते. तिसरा प्रकार स्नॅपशॉटचा. दर काही मिनिटांनी स्नॅपशॉट घेऊन दोहोंतला फरक पाठवायचा. एकच ब्लॉक शंभर वेळा बदलला, तर जर्नल शंभर वेळा पाठवते, स्नॅपशॉट शेवटचे रूप एकदाच पाठवतो. कमी बँडविड्थ आणि पंधरा मिनिटे ते तासाभराचे नुकसान चालत असेल, तर स्नॅपशॉटच घ्यावा. लहान संस्थांना बऱ्याचदा एवढेच पुरेसे असते आणि ते चालवायलाही सोपे.

कोणताही प्रकार घेतला तरी राइटचा क्रम टिकला पाहिजे. डेटाबेस आधी लॉग लिहितो, मग डेटा. दूरच्या प्रतीत डेटा पोहोचला आणि लॉग राहिला, तर तो डेटाबेस उघडेल याची खात्री नाही. म्हणून एका ॲप्लिकेशनचे सगळे व्हॉल्यूम एकाच कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये, म्हणजे राइटचा क्रम एकत्र जपणाऱ्या गटात, असावेत. नवे व्हॉल्यूम जोडताना ग्रुपमध्ये घालायचे विसरणे ही या क्षेत्रातली बहुधा सर्वांत महागडी चूक आहे, कारण ती फक्त संकटाच्या दिवशी उघड होते.

लिंक लहान असेल, तर कॉम्प्रेशन वापरावे, पण एन्क्रिप्शनच्या आधी. एन्क्रिप्ट झालेला डेटा आकसत नाही. सर्व्हरवरच डेटा एन्क्रिप्ट होत असेल, तर विक्रेत्याने सांगितलेले दोनास एकचे गुणोत्तर विसरून पूर्ण बँडविड्थ घ्यावी. पहिल्या प्रतीचाही हिशेब करावा. २० टीबी डेटा १०० मेगाबिटवरून पाठवायला, लिंक पूर्ण भरून वाहिली तरी साडेअठरा दिवस लागतात. शक्य असेल तिथे दोन्ही ॲरे आधी एकाच खोलीत जोडून पहिली प्रत उतरवावी आणि मग एक ॲरे ट्रकने रवाना करावा.

जवळची साइट की दूरची, या वादात सेबीने बाजारसंस्थांसाठी घालून दिलेली रचना इतरांनाही उपयोगी पडते. डेटा अजिबात हरवू नये म्हणून मुख्य साइटजवळ एक साइट, आणि आपत्तीसाठी वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात दुसरी. ते जमत नसेल, तर किमान ५०० किलोमीटर दूर. या अंतरावर नुसती एक फेरी पाच मिलिसेकंदांची होते, म्हणून जवळच्या साइटला सिंक्रोनस आणि दूरच्या साइटला असिंक्रोनस अशी विभागणी ओघाने येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी दोन्ही साइट मुंबईतच असलेल्या संस्थेला दोन प्रतींचा फार आधार वाटला नसता. एनएसईची आपत्तीकालीन साइट चेन्नईत आहे, आणि २ मार्च २०२४ च्या शनिवारी एक्सचेंजने खास सत्र ठेवून त्याच दिवसात मुख्य साइटवरून तिकडे जाऊन दाखवले. कागदावरच्या ड्रिलपेक्षा असे एक सत्र जास्त शिकवते.

दोन्ही साइट एकाच वेळी लिहू शकतील अशी मेट्रो क्लस्टरची रचना हल्ली जोरात विकली जाते. ती घ्यायची तर पंच म्हणून तिसऱ्या जागी विटनेस हवाच, आणि त्याची लिंक पहिल्या दोघांच्या लिंकपासून वेगळी हवी. स्वयंचलित निर्णयाचे काय होऊ शकते, ते २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबने अनुभवले. तिथे ॲरे नव्हते, मायएसक्यूएलचे रेप्लिकेशन होते, पण धडा तोच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर देखभालीत ४३ सेकंद जोडणी तुटली. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरचे डेटाबेस मुख्य केले. पूर्वेकडे काही राइट असे राहिले होते जे पश्चिमेला पोहोचलेच नव्हते, आणि आता पश्चिमेलाही नवे राइट सुरू झाले. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. दूरच्या साइटवर जाण्याचा निर्णय माणसाने घ्यावा, यंत्राने फक्त सुचवावे, हाच मध्यम आकाराच्या संस्थेसाठी सुरक्षित नियम आहे. त्या माणसाचे नाव आणि तो नसताना दुसऱ्याचे नाव आधी ठरलेले असावे.

फक्त एक-दोन डेटाबेसच वाचवायचे असतील, तर ॲरेच्या रेप्लिकेशनची खरोखर गरज आहे का, हेही विचारावे. डेटा गार्ड, एसक्यूएल सर्व्हरचे ऑलवेज ऑन किंवा पोस्टग्रेसचे स्ट्रीमिंग रेप्लिकेशन फक्त लॉग पाठवतात. बँडविड्थ कमी लागते, दोन्हीकडे एकाच कंपनीचा ॲरे घेण्याची सक्ती उरत नाही आणि मूळ डिस्कवर बिघडलेला ब्लॉक जसाच्या तसा पलीकडे जात नाही. अनेक ॲप्लिकेशन, फाइल सर्व्हर आणि व्हर्च्युअल मशीन यांची मोट एकत्र बांधायची असेल, तिथे ॲरेचा मार्ग सरस. बॅकअप दोन्ही बाबतींत वेगळा हवाच. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये दुरुस्तीच्या धांदलीत मूळ डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली तेव्हा रेप्लिकेशन उपयोगी पडले नाही. रोजचा डेटाबेस बॅकअपही गुपचूप निकामी झालेला होता. सुमारे सहा तासांचा डेटा गेला.

खरेदीच्या आधीची चाचणी अगदी स्वस्तात होते. दोन्ही ॲरे प्रयोगशाळेत शेजारी ठेवून मध्ये एक लिनक्स यंत्र बसवावे आणि त्यावरच्या नेटेम या साधनाच्या मदतीने २० मिलिसेकंदांचा उशीर आणि ०.१ टक्का पॅकेट गळती घालावी. मग लिंक एकदम न तोडता दर अर्ध्या मिनिटाला जा-ये करायला लावावी. साफ तुटलेली लिंक बहुतेक ॲरे नीट हाताळतात, डळमळणारी हाताळताना गडबडू शकतात. अशा वेळी मूळ बाजूच्या सर्व्हरना लिहायला किती उशीर होतो, ते मोजून विक्रेत्याच्या सहीने नोंदवावे.

आणि परतीची वाट विसरू नये. लिंक परत आली की ॲरे बदललेल्या ब्लॉकच्या नोंदी पाहून राहिलेला डेटा पाठवतो. हे करताना राइटचा क्रम पाळला जात नाही, त्यामुळे ते पूर्ण होईपर्यंत दूरची प्रत वापरण्याजोगी नसते. नेमक्या त्या तासात मूळ साइट गेली, तर हाती ना जुनी प्रत राहते ना नवी. म्हणून पुन्हा जोडणी सुरू करण्यापूर्वी दूरच्या ॲरेवर स्नॅपशॉट घेण्याची आज्ञा कार्यपद्धतीत पहिल्या क्रमांकावर लिहावी. काही ॲरे हे स्वतःहून करतात, बाकीच्यांसाठी रात्रपाळीच्या ऑपरेटरला ती आज्ञा हाताने द्यावी लागते, आणि त्या स्नॅपशॉटसाठी दूरच्या ॲरेवर जादा जागा पहिल्या खरेदीतच धरावी लागते.